सुबधन राईची परतीची वाट

मी खोटं लिहीत नाही. पूर्वी हे वाक्य मी छाती पुढे काढून म्हणायचो. आता म्हणताना आवाज जरा खाली येतो, आणि तो का येतो हे सांगायचं तर सुबधन राईबद्दल सांगावं लागेल.

बहरीनला सलमाबादमध्ये एका बांधकाम कंपनीत मी टाइमकीपर होतो. तीनशे दहा माणसांची हजेरी माझ्या हातात. सकाळी पावणेसहाला बसपाशी उभं राहायचं, नावं पुकारायची, 'हाजिर' आलं की 'पी' मांडायचा, नाही आलं की 'ए'. कोणाच्या भिडेने एक 'पी' मी कधी मांडला नाही. नाव माझं हरिदास तायडे, पण फोरमन लोक पाठीमागे हरिश्चंद्र म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. खोट्याच्या कपाळी गोटा, हे आमच्या वडिलांचं आवडतं वाक्य. ते भुसावळला रेल्वेत गँगमन होते. दुसऱ्यांच्या घरी संध्याकाळी पोरं पाढे म्हणत, आमच्याकडे स्टेशनं म्हणायची पद्धत. इटारसी लाइन, नागपूर लाइन, मुंबई लाइन. एक स्टेशन चुकलं तर वडील म्हणत, "गाडी पडली रुळावरून. पुन्हा भुसावळपासून ये."

सुबधन आणि त्याचा धाकटा भाऊ जसमान पंच्याण्णवच्या जानेवारीत आले. मुंबईच्या एजंटमार्फत. नेपाळच्या पूर्वेकडच्या होंगू नदीच्या खोऱ्यातले हे कुलुंग राई लोक. आम्हाला सगळे नेपाळी सारखेच, 'गुरखा' म्हटलं की आमचं ज्ञान संपलं. सुबधननेच मला समजावलं, की राई म्हणजे एक नव्हेत, त्यांच्यात वीसहून जास्त बोली आहेत आणि एका खोऱ्याची बोली डोंगरापलीकडच्याला कळत नाही. कंपनीच्या कामगार कॅम्पात आणखी दोघे राई होते, पण ते दुसऱ्या नदीचे. त्यांच्याशी हा नेपाळीत बोलायचा, माझ्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत, जी मी इथे मराठीत मांडतोय. आपली बोली फक्त जसमानशी. आमच्या माहितीत अख्ख्या बहरीनमध्ये त्या बोलीची ही दोनच माणसं, आणि दोघं एकाच खोलीत, एक वरच्या खाटेवर आणि एक खालच्या.

ऑफिसच्या रांगेत उभे असले की दोघं आपसात कुजबुजायचे. मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलतायत. एकदा मी खेकसलो, "यहाँ हिंदी में बोलो." जसमान हसून म्हणाला, "साब, हम बोल रहे थे, आपका पंखा गरम हवा देता है." मुलगा असा होता. त्याच्यावर रागावून राहता यायचं नाही.

ऑगस्टमध्ये जसमान झोपेत गेला. वय बावीस. दिवसभर सखीरला साइटवर उन्हात काम केलं, जेवला, झोपला आणि सकाळी उठला नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं. ते शेवटी सगळ्यांचंच पडतं. मला कोणी सांगितलेलं नव्हतं, मी बसपाशी त्याचं नाव पुकारलं. सुबधन पुढे आला आणि म्हणाला, "साब, तो मेला आहे." मी 'ए' मांडला. नियम तसाच होता, मृत्यूचा कागद हातात येईपर्यंत माणूस गैरहजर.

त्याची शवपेटी निघायला एकोणीस दिवस लागले. सुबधनला सोबत जाता आलं नाही. कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय रजा नाही, आणि इमर्जन्सी लीव्ह फक्त आईबाप आणि बायकोमुलांसाठी. भाऊ त्यात बसत नव्हता.

पेटी गेल्यावर चार दिवसांनी संध्याकाळी तो माझ्या केबिनमध्ये आला. आमचा स्टोअरकीपर हाशिम सोलकर तिथेच चहा पीत बसला होता. हाशिमभाई रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीवरचा. तरुणपणी वीस वर्षं लाँचीवर खलाशी होता, मग गुडघे गेले आणि आमच्या गोदामात आला. पाच वेळचा नमाजी, आणि बाकीच्या वेळात मला छळणारा.

सुबधन म्हणाला, "साब, पेटी गेली. पण जसमान गेला नाही. तो खोलीतच आहे."

"म्हणजे?"

"झोपेत मेला ना. त्याला माहीतच नाही आपण मेलो ते. पेटी निघाली तेव्हा त्याला कोणी सांगितलं नाही. त्याला घेऊन जायला हवं."

मग त्याने सांगितलं ते असं. त्यांच्यात माणूस गेला की त्याला पूर्वजांच्या गावी पोचवावं लागतं. तो आपला आपण जात नाही, वाट चुकतो. जाणकार माणूस मुंधुम म्हणतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली त्यांची वाणी. ती रोज बोलायची बोली नव्हे, मेलेल्यांना कळणारी जुनी भाषा. तिच्यात वाटेवरचं एकेक नाव घ्यायचं. ही नदी, हा उतार, हा पाणवठा, इथे बस, आता ऊठ. नाव घेतलं की मेलेल्याचं पाऊल तिथे पडतं. म्हणणाराही मनाने बरोबर चालतो. सुबधनचा बाप हे काम करायचा. त्यांच्या कुळाची वाट गावात त्या एकट्यालाच ठाऊक होती, आणि तीन हिवाळे त्याने ती सुबधनला शिकवली होती.

"मग म्हण की," मी म्हणालो. "अडलंय कुठे?"

"आमचे पूर्वज खालून, मैदानातून कोसी नदीच्या काठाने वर चढले. वाट तिथून सुरू होते. इथून तिथपर्यंत आमचं कोणी कधी चाललंच नाही. मुंबईपासून विमानाने आलो. विमानात मधे गावंच नव्हती, साब."

आता माझं सांगतो. आम्ही बौद्ध. आत्मा, पिंड, श्राद्ध हे सगळं आमच्या घराने छप्पन साली सोडलं, आणि का सोडलं हे मला लहानपणापासून पाठ आहे. मी त्याला समजावायला घेतलं, की बाबा रे, माणूस मेला की संपला, दिवा विझला की ज्योत कुठे जाते का. चांगलं दहा मिनिटं बोललो. तो मान हलवत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "होय साब. पण तो खोलीत आहे."

हाशिमभाईने पेला खाली ठेवला. "तायडे, तुजा भाषण नंतर. बस रे बाला हकडं. दर्याची वाट मी देतंय तुला." आणि डोळे मिटून त्याने मनामाचा धक्का सोडला. कतारची टोकं, होर्मुझ, जाश्क, ग्वादर, मग ओखा, दीव, मुंबई. कुठे खडक, कुठे गोडं पाणी मिळतं, कुठे वारा पालटतो, सगळं. सुबधन ओठ हलवत पाठ करत होता. मुंबईच्या बंदरात लाँच लागली तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असलं काही मानत नाही," मी म्हणालो.

"स्टेशनांची नावां सांगायला कंचा देव मानायचा लागतो?" हाशिमभाई म्हणाला.

ते खरं होतं. मी सांगायला लागलो. कल्याण, नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ. खंडवा, इटारसी, जबलपूर, कटनी, सतना. अलाहाबाद, मुगलसराय, पटणा, बरौनी, कटिहार, आणि तिथून छोट्या गाडीने सरहद्दीवरचं जोगबनी. अशाच वाटेने दोघं भाऊ मुंबईला आले होते, पण डब्यात झोपून. सुबधन म्हणाला, "जोगबनीपासून पुढे माझी वाट आहे." कितीतरी वर्षांनी मी ती लाइन सलग म्हटली होती आणि गाडी कुठे रुळावरून पडली नव्हती. वडिलांची आठवण झाली, पण ती मी तिथे बोलून दाखवली नाही.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी सकाळी, सुट्टी होती, त्यांच्या खोलीत हे झालं. मनामाच्या बाजारातून आणलेलं आलं, तांदूळ, आणि जांडेऐवजी, म्हणजे त्यांच्या घरच्या दारूऐवजी, बिअरचा एक डबा. हाशिमभाई त्या डब्याकडे पाठ करून दाराशी बसला, पण बसला. सुबधनने जसमानच्या रिकाम्या खाटेसमोर मांडी घातली. आल्याचे तुकडे केले आणि म्हणायला सुरुवात केली. आधी त्याचा आवाज बारीक होता. मग त्या अनोळखी भाषेत मला ओळखीचं काही ऐकू आलं, जाश्क, ग्वादर, आणि मग भुसावळ. माझं गाव त्या आवाजात ऐकून अंगावर काटा आला. हे मी कबूल करतो, त्याचा अर्थ मी काहीही लावत नाही.

जोगबनीनंतर आवाज मोठा झाला. आता तो आपल्या वाटेवर होता. कोसी, सुनकोसी, दूधकोसी, होंगू, एवढं मला कळलं, पुढचं नाही. दोन तास तो चढत होता. कपाळावरून घाम वाहत होता. शेवटी त्याने तांदूळ उधळले, एक शब्द तीनदा म्हटला आणि थांबला. एकदम थांबला, वाक्य अर्धंच राहिल्यासारखा. आम्ही वाट पाहिली.

"पोचला का?" हाशिमभाईने विचारलं.

"पोचला. आजीपाशी बसवून आलो... बसवला." सुबधन म्हणाला. मग आलं-तांदूळ गोळा करून त्याने केराच्या पिशवीत बांधले, आणि आम्हाला चहा केला.

नोव्हेंबरात फोरमनची तक्रार आली. सुबधन स्कॅफोल्डिंगवर काम करायचा, हुशार होता. पण आता वर चढला की जेवायच्या सुट्टीतही उतरत नाही, हाका मारल्या तर ऐकू येत नाही, जेवण तसंच परत आणतो. मी त्याला बोलावलं. दोन महिन्यांत तो इतका वाळला होता की मला माझीच लाज वाटली. रोज सकाळी त्याचं नाव पुकारत होतो, त्याच्याकडे पाहत मात्र नव्हतो.

"आजारी आहेस का?"

"नाही साब. मी परत आलो नाही."

"कुठून?"

तेव्हा त्याने ते सांगितलं. मुंधुम म्हणणारा मेलेल्याला पोचवतो आणि मग स्वतः परत येतो. परत यायचीही वाणी असते. ती म्हटली नाही तर तो मनाने तिथेच राहतो, मेलेल्यांत. त्याच्या बापाची रीत अशी, की आधी तीन वर्षं जायची वाट शिकवायची, आणि ती पक्की झाली की चौथ्या वर्षी यायची. चौथ्या हिवाळ्यात सुबधन मुंबईच्या एजंटच्या दारात उभा होता.

"अरे मग तीच नावं उलटी म्हणायची! मला स्टेशनं दोन्हीकडून येतात."

"तसं नाही, साब. आलो त्या वाटेने परतायचं नसतं. पाऊल दुसऱ्यांदा त्याच जागी पडलं तर मेलेला ओळखतो आणि मागे मागे येतो. परतीची वाट वेगळी आहे. डोंगराच्या धारेवरून, दुसऱ्या बाजूने. ती मला ठाऊक नाही."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी म्हटलंस?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जसं मीच काही अडाण्यासारखं विचारलं होतं. "तो लहान आहे, साब. त्याला एकट्याला कसा ठेवणार?"

मी म्हणू शकलो असतो, की हा मनाचा आजार आहे, भावाचा धक्का बसलाय. मनात तेच म्हणत होतो. पण औषध त्यालाच ठाऊक होतं आणि ते साधं होतं. बाप जिवंत होता. घरी जायचं, बापासमोर बसायचं, बाप परतीची वाट म्हणणार, हा खाली येणार. महिन्याची रजा पुरे होती.

रजेचा फॉर्म मी भरायचो. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? हाशिमभाई म्हणाला, "लिव बाप आजारी हाय. तार मागतील तर माजा पुतण्या मुंबईसून धाडील. खलास." साधी गोष्ट होती. कॅम्पातले निम्मे बाप दर वर्षी असेच आजारी पडत आणि मॅनेजर डोळे झाकून सही करत.

पण मी खोटं लिहीत नाही. मुसावादा वेरमणी, खोटं न बोलण्याचं शील, रोज सकाळी म्हणतो आणि ते नुसतं तोंडाने म्हणत नाही. मी लिहिलं, 'भावाच्या निधनानंतर मनाची अवस्था बरी नाही, वडिलांना भेटणे आवश्यक.' अक्षरन्‌अक्षर खरं. मॅनेजरने वाचलं, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं विचारलं आणि फॉर्म परत दिला. मफी, म्हणजे नाही. हाशिमभाई दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुजा खरा तुलाच लखलाभ, तायडे."

सुबधन मात्र रागावला नाही. "चौदा महिने आहेत," तो म्हणाला. "बाप धडधाकट आहे. थांबेल."

बाप थांबला नाही. मार्चमध्ये पत्र आलं. जिल्ह्याच्या गावी जाणाऱ्या कोणा मास्तराकडून लिहून घेतलेलं, नेपाळीत, दोन महिने वाटेत असलेलं. बाप पौषात गेला होता. खोकला झाला, आठ दिवसांत गेला. सुबधनने मला ते पत्र वाचून दाखवलं, हिंदी करून करून, माझी अडचण होऊ नये म्हणून मधे थांबून. शेवटी आईने लिहिलं होतं, की बापाला पोचवायला कोणी नाही, तो अजून चुलीपाशीच आहे, तू कधी येतोस.

मी फॉर्म काढला. इमर्जन्सी लीव्हचा नियम असा, की मृत्यू महिन्याच्या आतला हवा. पौषाला अडीच महिने झाले होते. मी पेन उघडलं आणि मृत्यूच्या तारखेच्या रकान्यात मागच्या सोमवारची तारीख टाकली. अक्षर नेहमीसारखंच आलं. मॅनेजरने पाहिलंसुद्धा नाही, त्याला ठाऊक होतं तायडे कसा आहे ते. पाच मिनिटांत एक महिन्याची रजा मंजूर. नोव्हेंबरात एवढ्याच पाच मिनिटांचं काम होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे, आणि घोडा मी होतो.

सुबधनने मंजूर फॉर्म हातात घेतला, नीट घडी केला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"आता कोणाकडे जाऊ, साब?"

"अरे, आई आहे. बापाला पोचवायचं नाही का? जायची वाट तर तुला येते."

"न्यायला मी खाली असायला हवं. बाप खाली चुलीपाशी बसलाय आणि मी वर. वरून कसा नेणार?" मग म्हणाला, "रोज वाट बघतो, तो वर येईल म्हणून. त्याला येता येत नाही. मला जाता येत नाही."

मी त्या दिवशी केबिनचं दार लावून रडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस. सरिताला, माझ्या बायकोला, भुसावळला फोन केला आणि काय झालं ते सांगताच येईना. ती घाबरली, तिला वाटलं नोकरी गेली.

एप्रिलच्या बारा तारखेला शुक्रवार होता. रविवारी चौदा एप्रिल, आम्ही आठ-दहा कुटुंबं एकाच्या फ्लॅटवर जयंती करायचो, आणि त्या वर्षी 'विज्ञाननिष्ठ जीवन' या विषयावर माझं भाषण होतं. त्याच्या दोन दिवस आधी मी हाशिमभाईला घेऊन सुबधनच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "तुझ्या परतीची वाट आम्ही म्हणतो."

आठवडाभर आम्ही ती जुळवली होती. पाऊल दुसऱ्यांदा त्याच जागी पडता कामा नये, म्हणून जोगबनी नको. डोंगरातून पूर्वेकडे सरहद्दीवर काकरभिट्टा आहे, तिथून सिलीगुडी. न्यू जलपायगुडी, मालदा, हावडा. खडगपूर, टाटानगर, बिलासपूर, रायपूर, गोंदिया, नागपूर, वर्धा. इथून सरळ पुढे अकोला आणि मग भुसावळ, पण भुसावळला जसमानचं पाऊल पडलेलं. कॅम्पातल्या टेबलावर बसून मी माझं गाव टाळलं. वर्ध्याहून गाडी खाली वळवली, बल्लारशा, काझीपेठ, सिकंदराबाद, वाडी, सोलापूर, पुणे, मिरज, कोल्हापूर. तिथून एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. हाशिमभाई म्हणाला, "हतून माजा." जयगड, मग सरळ आडवा दर्या, सूर, मस्कत, खोरफक्कन, दुबई, बहरीन. होर्मुझ दोन्हीकडून लागतंच, त्याला इलाज नव्हता. "दर्यावर पावलाचा ठसा ऱ्हात नाय," हाशिमभाई म्हणाला. "थयं चालतला."

सुबधन खाटेवर बसला. आम्ही दोघं समोर. मी म्हणायला लागलो. पहिल्यांदा नुसती नावं म्हटली, मग मला वाटलं हे पुरेसं नाही, तेव्हा तो जसमानला सांगत होता तसं मीही म्हणालो. हे काकरभिट्टा, इथे चहा घे. ही सिलीगुडी, गाडीला वेळ आहे, बस जरा. हे नागपूर, इथे पाणी चांगलं आहे, भरून घे. मराठीत म्हणत होतो, मला दुसरं काही येत नव्हतं. कोल्हापुरापर्यंत मी आणलं, घाट उतरवला, पुढे हाशिमभाईने हात धरला. जयगडच्या धक्क्यावर त्याने स्वतःच्या आईचं घर दाखवलं, तिथे भाकरी खायला लावली, आणि मग समुद्र. "आली मनामा," तो म्हणाला. "उतर बाला. बस पकड, सलमाबाद."

सुबधन डोळे मिटून ऐकत होता. गालांवरून पाणी येत होतं. डोळे उघडून त्याने आम्हा दोघांच्या पायांना हात लावला. हाशिमभाईने पाय आखडून घेतले.

"चांगली वाट आहे, साब," तो म्हणाला. "सगळी पाठ झाली." मग अगदी हळू, आमचं मन मोडू नये असं विचारलं, "पण मला काकरभिट्ट्यापर्यंत कोण आणणार?"

वरून, जिथे जसमान होता तिथून, काकरभिट्ट्यापर्यंतची वाट एका माणसाला ठाऊक होती, आणि तो नोव्हेंबरात जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसपाशी मी नाव पुकारलं, "सुबधन राई." तो म्हणाला, "हाजिर." मी 'पी' मांडला. सगळे बसमध्ये चढले, तो मागे राहिला आणि माझ्याजवळ आला. चेष्टेने नव्हे, टोमणाही नव्हे. खरंच विचारायचं होतं त्याला.

"साब, तुम्ही खोटं लिहीत नाही ना?"

"नाही."

"मग माझ्यापुढे हाजिर कसं लिहिता?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. 'यल्ला, यल्ला' सुरू झालं. तो जाऊन खिडकीपाशी बसला. मी हजेरीचं पुस्तक घेऊन तिथेच उभा राहिलो. सप्टेंबरापासूनची सगळी पानं माझ्याच अक्षरात होती.

त्यानंतरही मी 'पी' मांडत गेलो, दुसरं काय करणार, पगार कापला गेला असता. तो काम करत राहिला, चढायचा, हाक मारली की उशिराने उतरायचा. फोरमनलाही सवय झाली. बोलणं कमी होत गेलं. आपल्या बोलीत तर बोलायला कोणी नव्हतंच, पण हिंदीही आटली. एकदा मी विचारलं, तुमच्या बोलीत 'घर' कसं म्हणतात? तो बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "जसमानला विचारून सांगतो."

सत्त्याण्णवच्या जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपलं. मी आणि हाशिमभाई त्याला विमानतळावर सोडायला गेलो. हाशिमभाईने त्याच्या आईसाठी खजूर दिले. आत जाताना तो म्हणाला, "काकरभिट्ट्याची वाट विसरू नका, साब." मी म्हणालो नाही विसरणार. त्याचं एक पत्र यावं असं फार वाटायचं. आलं नाही.

नियमाप्रमाणे त्याचं नाव महिना संपेपर्यंत पुस्तकात राहिलं. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी पुकारत गेलो आणि त्याचं नाव आलं. पुकारायची काही गरज नव्हती. तरी मी पुकारलं, "सुबधन राई," आणि थोडं थांबलो. 'हाजिर' आलं नाही. मी 'ए' मांडला. सोळा महिन्यांत त्याच्या नावापुढे मी लिहिलेलं हे पहिलं खरं अक्षर.